ग्रेसीमॅडमच्या दोऱ्या

ग्रेसीमॅडमना खुर्चीत बसून काम करताना मी कधी पाहिलं नाही. खुर्ची होती. चाकांची, मेहताभाईंनी मुद्दाम त्यांच्यासाठी आणलेली. तिच्यावर त्यांची पर्स बसायची. त्या स्वतः उभ्या. उभ्याउभ्याच कॉम्प्युटरवर दोन ओळी लिहायच्या, मग पायातली एक चप्पल काढायच्या आणि खोलीत फेऱ्या मारायला लागायच्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"मॅडम, दोन्ही काढा की," एकदा मी धीर करून म्हटलं.

"नको हो ताई. दोन्ही काढल्या की घरी आल्यासारखं वाटतं. मग डोकं झोपतं."

ऑफिस म्हणजे सिल्व्हर पार्कातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये कॉम्प्युटर, आतल्या खोलीत मालक मेहताभाई, स्वयंपाकघरात मी. मीरा रोडला तेव्हा इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि पाणी मात्र टँकरनं यायचं. मी टँकरचं पाणी वर चढवायची, झाडायची, चहा करायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळं कॉम्प्युटरला फडकं मारण्यापलीकडं माझा त्याच्याशी संबंध नव्हता. बोलायचीही नाही मी कोणाशी. ग्रेसीमॅडमना असंच माणूस लागायचं.

"ताई, इथं उभ्या राहा. काही बोलू नका. मी तुम्हाला सांगते, सांगता सांगता मला कळेल."

मी लसूण सोलत उभी राहायची आणि त्या सांगायच्या. अर्धं डोक्यावरून जायचं. पण रोज कानावर पडलं की थोडं आत राहतंच.

घोडबंदर रोडवरच्या वरसाव्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम आमच्याकडं होतं. कोणता ट्रक कधी सुटणार, त्यावर कोण ड्रायव्हर जाणार, डिझेल किती, टायर कधी बदलला, कोणाची सुट्टी कधी, सगळं कॉम्प्युटर सांगायचा. तो प्रोग्रॅम लिहिला होता सुहासदादांनी. मी कामाला लागायच्या आधीच ते परदेशी निघून गेले होते. प्रोग्रॅममधली कामं गाठोड्यांत बांधून ठेवतात, एका गाठोड्याला क्लास म्हणतात, हे मला मॅडमनीच सांगितलं. सुहासदादांनी 'ट्रक' नावाचा एक क्लास केला आणि मग जे येईल ते त्यातच कोंबलं.

"ट्रकला ड्रायव्हरची सुट्टी कशाला माहीत पाहिजे?" मॅडम फेऱ्या मारत विचारायच्या. "ट्रक जातो का रजेवर? हे इथं कशाला हाय?"

मॅडम उत्तनच्या. वडिलांची मासेमारीची होडी. ऑफिसात त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला किंवा आनंद झाला की उत्तनची भाषा बाहेर यायची. आणि 'कशाला' हा त्यांचा श्वास होता. चहात आलं कशाला, दाराला दोन कड्या कशाला, मेहताभाई पेन कानावर ठेवतात ते कशाला. भांडण नसायचं. त्यांना खरोखर कारण हवं असायचं, आणि कारण मिळालं नाही तर त्या दिवसभर अस्वस्थ असायच्या.

एकदा त्यांनी तो अख्खा ट्रक कागदावर छापून काढला. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्याघड्यांचा लांबच लांब कागद. माझ्या ओट्यापासून निघाला, हॉलमधून गॅलरीत गेला, तिथून वळून मेहताभाईंच्या दाराला लागला, तरी उरलाच.

"ताई, आज झाडू नका. ट्रक उभा आहे."

त्या दिवशी मात्र दोन्ही चपला काढून त्या कागदावरून चालत होत्या, लाल पेन्सिल घेऊन. मध्येच वाकायच्या, खूण करायच्या, पुढं जायच्या.

मेहताभाईंनी दार उघडलं आणि तिथंच थांबले. "अरे ग्रेसीबेन, मी बाहेर कसा येऊ? माझ्याच ऑफिसमध्ये मला नो एंट्री?"

"उडी मारा, भाई."

आणि पँट वर धरून, देवाचं नाव घेऊन त्या जाड्या माणसानं खरंच उडी मारली. गॅलरीत पोचल्यावर म्हणाले, "पण कशासाठी हे? चालतंय ना सगळं? चालत्या गाडीचं बोनेट कशाला खोलते?"

चालतंय म्हणावं तर चालत होतं. पण एक गोष्ट हलवली की भलतीच गोष्ट पडायची. त्याच महिन्यात टायरच्या हिशेबात काहीतरी सुधारलं, तर दुसऱ्या दिवशी एक तरणाबांड ड्रायव्हर जिने चढून आला आणि दारातच ओरडायला लागला.

"मेरी छुट्टी कौन खा गया? बहन की शादी है मॅडम, और कॉम्प्युटर बोलता है मैं पहले से छुट्टी पे हूँ! मैं छुट्टी पे हूँ तो ये गाडी कौन चला रहा है, मेरा भूत?"

मॅडमनी त्याची सुट्टी हातानं कागदावर लिहून, सही करून दिली. तो गेल्यावर भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "टायर बदलला आणि कोणाच्या बहिणीचं लग्न बुडत होतं. ताई, हे असं सोडून मी जायचं?"

कारण त्यांना जायचं होतं. लग्न ठरलं होतं. नवरा मस्कतला होता, नाताळ झाला की लग्न आणि मग तिकडंच. त्यांच्या जागी नवी मुलगी येणार होती, आणि त्यांनी मनाशी घेतलं होतं की जाण्याआधी हा ट्रक फोडून वाटून ठेवायचा. "सुहासनं माझ्या गळ्यात जे बांधलं ते मी दुसरीच्या गळ्यात बांधून जाणार नाही," एवढंच म्हणायच्या. लग्नाच्या साडीबद्दल विचारलं तर सांगायला त्यांना वेळ नसे.

दुपारी आम्ही दोघी जिन्यात बसून जेवायचो. मेहताभाई जैन, त्यांना मासळीचा वास सहन व्हायचा नाही, आणि मॅडमच्या डब्यात मासळी नाही असा दिवस नसायचा. भाईंनी कधी मनाई केली नव्हती. मॅडमच आपण होऊन डबा बाहेर घेऊन यायच्या. जिन्यातसुद्धा त्या बसायच्या कुठं, कठड्याला टेकून उभ्यानं खायच्या. तिथंच एक दिवस त्यांनी पर्समधून हिरव्या सुताचं बंडल काढलं. जाळं विणायचं सूत, वडिलांच्या होडीवरचं.

"बघा ताई. ट्रकमधलं एक काम म्हणजे एक दोरी. वाचत जायचं. 'जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असं आलं की एक गाठ. पुन्हा आलं, पुन्हा गाठ. शेवटी गाठी मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. तेवढ्या वाटा त्या कामात आहेत. दहाच्या आत असतील तर माणसाच्या डोक्यात मावतात. वर गेल्या की माणूस वाचतो फक्त, समजत काही नाही."

कॉम्प्युटरलाही ही मोजणी सांगता येते म्हणे. पण त्यांना हात रिकामे ठेवता येत नव्हते. चालता चालता गाठी मारायच्या. झालेली दोरी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यानं अडकवायच्या. आठवड्याभरात तार भरली. काही दोऱ्या सुटसुटीत होत्या. काही माळेसारख्या. आणि मधोमध एक होती, फेऱ्या वाटायच्या कामाची, कोणत्या ड्रायव्हरला कोणती फेरी द्यायची ते ठरवणारी. ती गाठींनी इतकी भरली होती की सूत दिसतच नव्हतं. वारा आला की बाकीच्या दोऱ्या हलायच्या, ती नुसती लोंबायची.

मग त्यांनी उत्तनहून वेताच्या पाट्या आणल्या, मासळी विकायला नेतात त्या. धुतल्या होत्या, तरी वास होताच.

"ग्रेसीबेन!" आतून हाक आली. "हे काय आहे?"

"पाट्या, भाई."

"ते नाक सांगतंय मला. ऑफिस आहे की बंदर?"

"दोन दिवस, भाई. फक्त दोन दिवस."

भाईंनी दार लावून घेतलं आणि उदबत्ती पेटवली.

मॅडम एकेक दोरी काढून पाटीत टाकत होत्या. जे काम ड्रायव्हरांची माहिती वापरतं ते एका पाटीत. टायर-डिझेलला हात लावतं ते दुसऱ्या. फेऱ्यांचं तिसऱ्या. "एका घरात राहतात ताई, पण एकमेकांच्या भांड्यांना हात लावत नाहीत. मग एक घर कशाला? आमच्याकडं बोंबील आणि कोळंबी एका पाटीत कोण टाकत न्हाय." पाट्या भरल्या तशी त्यांची चाल बदलली. ट्रक नावाच्या क्लासात उरलं फक्त ट्रकचं. मोठ्या दोऱ्या कापून त्यांच्या लहान झाल्या. एका लांब कामाची चार छोटी कामं, प्रत्येकाला नाव. त्या गाणं म्हणायला लागल्या, बेसूर.

राहिली ती मधली दोरी. तिच्यातली एकेक गाठ कशासाठी आहे ते शोधून काढलं, सोडवली किंवा योग्य पाटीत नेली. शेवटी एक गाठ अशी राहिली की तिचं कारणच कोणाला सांगता येईना. सतरा नंबरचा ड्रायव्हर असेल आणि फेरी दिवेलागणीनंतर सुटणार असेल, तर ती त्याला देऊ नको, पुढच्याला दे. एवढंच. का, ते लिहिलेलं नव्हतं.

मॅडमनी मेहताभाईंना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. वरसाव्याला फोन करून तिथल्या मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, जुनं काहीतरी असेल, काढून टाका. मॅडमनी ती गाठ वगळून जुन्या महिन्यांच्या फेऱ्या नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढून पाहिल्या. सगळं जुळलं, फक्त सतरा नंबरपाशी फरक. तो फरक म्हणजे सुहासदादांची चूक असावी, असं त्यांना वाटलं. कारण नसलेली गोष्ट त्यांना सोसायची नाही. त्यांनी ती गाठ कायमची काढली.

आठवडाही झाला नसेल. सकाळी मी पाण्याचे डबे घेऊन वर येत होते, तर जिन्यात एक म्हातारे गृहस्थ बसलेले. खाली रस्त्याच्या कडेला ट्रक उभा.

"बाई, कॉम्प्युटरवाल्या मॅडम इथंच का?"

बोलण्यावरून कळलं, आमच्या जालन्याकडचे. नाव दगडूमामा. मी त्यांना आत नेलं, चहा दिला. मॅडम आल्या तसे ते उठून उभे राहिले.

"मॅडम, माझ्या हातून काही चुकलं का? कॉम्प्युटर माझ्यावर का रागावला?"

"म्हणजे?"

"सतरा नंबर मी. मला रात्रीची फेरी दिली त्यानं. सुहासदादानं शब्द दिला होता मला. म्हणाला होता, मामा, तुम्ही कोणाला काही सांगू नका, कॉम्प्युटरच तुम्हाला रात्रीची गाडी देणार नाही."

मामांनी आवाज उतरवला.

"दिवे लागले की माझ्यापुढं भिंत उभी राहते. दिवसा सुई ओवतो मी. रात्री काही न्हाई. परवा रात्री नाही म्हणता आलं न्हाई, का म्हणून विचारलं असतं. पुढच्या गाडीची लाल बत्ती तेवढी दिसत होती. ती धरली. ती हळू झाली की मी हळू. ती ढाब्यावर वळली, मी पण वळलो. तिथंच बसून राहिलो उजाडेस्तोवर. माल उशिरा पोचला, मालक ओरडला, त्याचं काय न्हाई. पण मॅडम, पुढची गाडी खाडीत गेली असती तर मी पण गेलो असतो की मागोमाग."

तेव्हा ग्रेसीमॅडम खुर्चीत बसल्या. पर्सवरच. पर्समधलं काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तो त्यांना ऐकू आला नाही.

जराशानं उठल्या आणि काढलेली गाठ जशीच्या तशी परत घातली. "आधी आजची रात्र," म्हणाल्या. मामा हात जोडून गेले. मग त्या चालायला लागल्या. चप्पल, उघडा पाय, चप्पल, उघडा पाय. चहा तिथंच गार झाला.

"ताई, उभ्या राहा."

मी उभी राहिले.

"ती गाठ तशीच ठेवून मी गेले, तर नवी मुलगी विचारेल हे कशाला हाय. कोणाला सांगता येणार नाही. ती काढून टाकेल. मी काढली तशीच. बरोबर? आणि कारण लिहून ठेवलं, की मामांना रात्री दिसत नाही, तर उद्या वरसाव्याच्या शेठचा माणूस ते वाचेल आणि मामांना घरी बसवतील. म्हणून सुहासनं लिहिलं नाही. मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ताई." थांबल्या. "घाणेरडं लिहायचा तो. पण हे त्यानं जाणून केलं होतं."

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत नीट. उत्तनहून निरोप आला, चर्चमध्ये फादरनी भेटायला बोलावलंय, त्या गेल्या नाहीत. मेहताभाई म्हणाले, "एक ड्रायव्हरसाठी इतकं टेन्शन? एक गाठ राहिली तर राहू दे." त्या त्यांच्याकडं अशा बघत राहिल्या की भाईच आत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चला ताई, वरसाव्याला. मामा तुमच्या भागातले, तुम्ही असलात म्हणजे त्यांना बरं वाटेल."

घोडबंदर रोडला ट्रक लागलेले, ड्रायव्हर बाजेवर पत्ते खेळत बसलेले. मामा एका कडेला टायर बघत होते. मॅडमना बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ पत्त्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"सबको एक सवाल. गाडी दिवसा चालवायला आवडते की रात्री?"

"क्यों मॅडम, लॉटरी है क्या?"

"है. बोलो."

"रात!" सुट्टीसाठी ओरडत आला होता तोच पोरगा म्हणाला. "रोड खाली, गरमी नहीं. अपुन तो रात का राजा."

"दिन में मॅडम," दुसरा म्हणाला. "छोटी बच्ची है, मेरे बिना सोती नहीं."

"सोती नहीं कि बीवी सोने नहीं देती?" कोणीतरी बोललं आणि बाज हलेपर्यंत हसले सगळे.

एकेक जण सांगत गेला. कोणी दिवस, कोणी रात्र, कोणाला काहीही चालत होतं. मध्येच मॅडम मामांकडं वळल्या, बाकीच्यांना विचारलं त्याच आवाजात.

"मामा, तुम्ही?"

"दिवसा," मामा म्हणाले. टायरवरचा हात काही काढला नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याला विचारायला वळल्या.

ऑफिसच्या दारात शेठ उभे होते. "ये क्या नया चालू किया, मॅडम? आवड विचारून धंदा होतो का?"

"शेठ, एक महिना करून बघा. रात्रीवाले रात्री, दिवसवाले दिवसा. झोपाळू ड्रायव्हर रात्री नको ना तुम्हाला? तुमचा माल वेळेवर पोचेल."

शेठनी ड्रायव्हरांकडं पाहिलं. "और ये दगडू? याला दिवसच कशाला पाहिजे?"

मामा टायरकडंच बघत राहिले. मॅडम हसल्या.

"कॉम्प्युटर कारण विचारत नाही, शेठ. कारणं विचारायला लागला की गाठी वाढतात. मग तो चुकतो, आणि तुम्ही मला फोन करता."

शेठना गाठींचं काही कळलं नाही, पण फोनचं कळलं. "ठीक है, एक महिना," म्हणाले.

परतताना मॅडम रिक्षात माझ्या शेजारी बसल्या होत्या. हातात सुताचा तुकडा होता, पण गाठ मारत नव्हत्या. त्याच दुपारी ड्रायव्हरच्या पाटीत एक साधी गोष्ट आली: दिवसाचा, रात्रीचा, की कोणताही. प्रत्येकानं स्वतः सांगायचं. फेऱ्या वाटणारं काम आता फक्त तेवढं बघायचं. सतरा नंबर कुठंच उरला नाही. ती मधली दोरी पुन्हा केली तेव्हा इतकी लहान झाली की वाऱ्यावर सगळ्यांत जास्त तीच हलत होती. महिना संपला, पण शेठनी ते बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही.

नाताळच्या थोडं आधी मॅडमचा शेवटचा दिवस आला. मेहताभाईंनी ढोकळा आणि पेढे मागवले होते. लग्नासाठी मीरा रोडलाच घेतलेलं लोखंडी कपाट उत्तनला न्यायचं होतं, आणि त्या बाजूला रिकामा जाणारा ट्रक मामांनी मुद्दाम मागून घेतला होता. दुपारीच कपाट चढवून खाली उभे होते.

भाईंनी भाषण सुरू केलं. पहिला कॉम्प्युटर आणला तिथपासून. नवी मुलगी हातात वही धरून मॅडमच्या शेजारी उभी होती. मध्येच हळूच विचारलं तिनं, "मॅडम, ड्रायव्हरच्या क्लासमध्ये हे दिवस-रात्र आहे ना, ते कशाला आहे?"

मला वाटलं, मॅडम आता हसतील. हसल्या नाहीत.

"ड्रायव्हरला विचारायचं. तो सांगेल ते भरायचं. एवढंच आहे ते."

"हो, पण कारण?"

"कारण त्याचं."

भाईंचं भाषण आता पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत आलं होतं. मॅडम सारख्या गॅलरीकडं बघत होत्या. उत्तनला जायचं, कपाट उतरवायचं, आणि मामांना तिथून परत यायचं. डिसेंबरात दिवस किती लवकर मावळतो ते मलाही समजत होतं. त्यांनी पेढा तसाच बशीत ठेवला, पर्स उचलली, माझा हात एकदा घट्ट दाबला. तारेवरच्या दोऱ्यांकडं पाहून म्हणाल्या, "ताई, कपडे वाळत घालायला लागतील, काढून टाका." आणि दाराशी गेल्या.

"अरे ग्रेसीबेन!" भाई म्हणाले. "माझं झालं नाही अजून. एवढी घाई कशाला? ट्रक तर थांबलाय तुमच्यासाठी."

जन्मभर सगळ्यांना कशाला विचारणाऱ्या बाईलाच आता कोणीतरी ते विचारत होतं.

"असंच, भाई," त्या म्हणाल्या आणि जिन्यानं पळत सुटल्या.

मी गॅलरीत गेले. एक चप्पल पायात, एक हातात, त्या रस्ता ओलांडून ट्रकपाशी पोचल्या आणि वर चढल्या. मामांनी काचेतून आभाळाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. ट्रक वळला. पलीकडं मिठागरांवर अजून पुष्कळ ऊन होतं.